आखणीचा कंटाळा आणि विजेची मोटार

विजेवर चालणारी मोटार भाड्याने घेऊन परदेशात लांबचा प्रवास करायचा आहे, असे कोणी नुसते म्हटले तरी आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आणि मध्येच वीज संपली तर?" दुसरा प्रश्न सहसा येत नाही. "त्यापेक्षा आपली पेट्रोलची बरी" असा निकाल लागतो आणि विषय संपतो.

आमच्या प्राध्यापक-कक्षात तो इतक्या लवकर संपला नाही, याला कारण आमचे एक सहकारी. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरले आहे. सपत्नीक नॉर्वेला जायचे, ओस्लोहून निघून मोटारीने थेट नॉर्थ केपपर्यंत, म्हणजे युरोपचा रस्ता उत्तरेला समुद्राच्या कड्यावर जिथे संपतो तिथपर्यंत जायचे, हा त्यांचा फार जुना बेत. त्यासाठी त्यांनी बरीच वर्षे पैसे बाजूला टाकले आहेत. भाड्याच्या गाड्यांची चौकशी सुरू केली, तर पुढ्यात येणाऱ्या बहुतेक गाड्या विजेच्या! झाले, कक्षात दोन तट पडले. ज्येष्ठांचा तट म्हणाला, पेट्रोलची गाडी शोधा, नाहीतर बेत सोडा. तरुणांचा तट म्हणाला, "सर, तुम्ही काहीच करू नका. कुठे थांबायचे, किती मिनिटे थांबायचे, ॲप सगळे सांगते. तुम्ही फक्त बसा." मला ही दोन्ही मते पटत नाहीत, आणि खरे सांगायचे तर पहिल्यापेक्षा दुसरेच अधिक घातक वाटते.

पहिल्या मताचा समाचार थोडक्यात घेतो. पेट्रोलच्या मोटारीला आपण स्वैर भटकंतीचे प्रतीक करून ठेवले आहे. मनात आले की निघावे, वाटेल तिकडे वळावे. पण ही सोय मोटारीच्या पोटातून आलेली नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतील मानहाइमहून बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून प्फोर्झहाइमला आपल्या आईकडे निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या थोडे वर. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो इतिहासात नोंदला गेला आहे. वाटेत इंधन संपत आले. पेट्रोलपंप कुठला असणार? वीसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडे लिग्रोइन नावाचे द्रव्य मिळत असे, ते तिने विकत घेतले आणि पुढे गेली. "मध्येच संपले तर?" हा प्रश्न पेट्रोलच्या मोटारीबरोबरच जन्मला आहे. पुढे रस्तोरस्ती पंप झाले, म्हणून आपण तो विसरलो.

नॉर्वेत विजेच्या मोटारीचेही तसेच होत आले आहे, आणि तेही आपोआप नव्हे. १९८९ मध्ये 'आ-हा' या लोकप्रिय गायकवृंदातले दोघे आणि फ्रेडरिक हाउगे हा पर्यावरणवादी कार्यकर्ता यांनी विजेवर चालणारी एक छोटी फियाट पांडा गाडी नॉर्वेत आणली, आणि टोलनाक्यांवर टोल न भरता ते तिच्यातून बेधडक फिरू लागले. दंडावर दंड झाले, गाडी जप्त होऊन लिलावात गेली. पण गाजावाजा व्हायचा तो झाला. १९९० मध्ये अशा गाड्यांवरील आयातकर उठला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित करही गेला. पुढे सवलती हळूहळू आखडत्या घेतल्या गेल्या, परंतु तोवर पारडे फिरले होते. २०२५ नंतर धूर सोडणारी नवी गाडी विकली जाऊ नये, असे उद्दिष्ट तिथल्या संसदेने २०१७ मध्ये ठरवले. २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी शेकडा ८९ विजेच्या होत्या. 'एनोवा' या सरकारी संस्थेने मुख्य मार्गांवर साधारण दर पन्नास किलोमीटरांवर जलद चार्जर उभे राहावेत म्हणून अनुदान दिले. एवढे सगळे करणारा हा देश स्वतः मात्र उत्तर समुद्रातले तेल आणि वायू जगाला विकून श्रीमंत झाला आहे. घरच्यांनी पथ्य पाळायचे आणि दुकानात मिठाई विकायची, असा हा प्रकार. असो.

आता हिशेबाकडे वळू. कला शाखेच्या मंडळींनी इथे पान उलटू नये. आपल्या वीजबिलावर जे 'युनिट' छापलेले असते, तेच युनिट या मोटारीच्या बॅटरीचे माप आहे. मध्यम आकाराच्या चांगल्या गाडीच्या बॅटरीत साधारण ७५ युनिट मावतात असे धरू. उन्हाळ्यात, ताशी ८० किलोमीटरांच्या आसपास चालवली, तर शंभर किलोमीटरांना अशी गाडी १८ युनिट खाते. नॉर्वेत गावाबाहेर वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरच आहे, हे या हिशेबाला फार सोयीचे. कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि बॅटरी भराभर उतरते. बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी करायची नाही आणि प्रवासात असताना काठोकाठ भरायचीही नाही, हे पहिले सूत्र. काठोकाठ का नाही? दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत ती झपाट्याने भरते, ऐंशीच्या पुढे भरण्याचा वेग मंदावतो. नाटक सुरू होण्याआधी सभागृह भरताना पहिले प्रेक्षक भराभर बसतात आणि शेवटच्यांना रिकामी खुर्ची शोधत हिंडावे लागते, तसेच हे. तेव्हा हाताशी राहिले सत्तर टक्के, म्हणजे सुमारे ५२ युनिट. त्यांवर २९० किलोमीटर जाता येईल. हाताशी थोडे राखून दर २५० किलोमीटरांवर थांबायचे ठरवले, तर ओस्लो ते नॉर्थ केप या दोन हजार किलोमीटरांहून थोड्या अधिक प्रवासात आठ-नऊ थांबे होतात. जलद चार्जरवर प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा, फार तर चाळीस मिनिटांचा. पाच दिवसांच्या प्रवासात एकूण पाच-सहा तास! पेट्रोलच्या गाडीतूनसुद्धा साठीला आलेले जोडपे तीन तासांनी उतरून पाय मोकळे करणार नाही काय?

शिवाय रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गाडी जोडून ठेवता आली, तर यातले निम्मे थांबे गळतात. तिथे मिळणाऱ्या साध्या चार्जरमधून तासाला सात ते अकरा युनिट येतात. रात्रभरात बॅटरी भरते. म्हणून राहण्याची जागा आधी आणि रस्ता नंतर ठरवावा. जागेला विचारायचा पहिला प्रश्न न्याहारीचा नसून "रात्री गाडी जोडता येईल ना, आणि ती जागा राखून ठेवाल ना?" हा असावा.

उंचीचाही हिशेब घालावा लागतो. दोन टन वजनाची गाडी हजार मीटर वर चढवायला नेहमीच्या खर्चावर सुमारे साडेपाच युनिट जास्त लागतात. हे अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसणारे गणित आहे. पण उतरताना चाकेच जनित्र फिरवतात आणि त्यातला बराच भाग परत जमा होतो. पेट्रोलच्या गाडीत उतारावर ब्रेक तापण्यापलीकडे काही पदरात पडत नाही. आमच्या सहकाऱ्यांना जो ई-६ महामार्ग धरायचा आहे, तो डोव्रेच्या पठारावर १०२६ मीटर उंची गाठतो आणि मग ट्रॉन्हेमकडे उतरतो. घाट संपल्यावर काट्याकडे पाहून त्यांच्या सौ. नक्की म्हणतील, "अहो, हा वाढला कसा?"

खरी अडचण थंडीची. गारठलेली बॅटरी कमी वीज देते, सावकाश भरते, आणि माणसांना ऊब द्यायलाही तीच वीज खर्ची पडते. नॉर्वेतील मोटारमालकांचा महासंघ दर हिवाळ्यात नव्या गाड्या एकाच रस्त्यावर चालवून कोणती किती अंतर जाते ते जाहीर करतो. काही थोड्याच मागे पडतात, तर काही जाहिरातीतल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाने, कडक थंडीत त्याहूनही अधिक. हिवाळ्यात आपले २९० किलोमीटर दोनशेवर येतात असे धरून चालावे. त्यातच हिमवादळात डोंगरी रस्त्यांवर बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या मागे रांगेने गाड्या सोडतात, आणि ती रांग सुटेपर्यंत तिष्ठत बसावे लागते. नॉर्थ केपचे अखेरचे तेरा किलोमीटर तर हिवाळ्यात ठरावीक वेळी अशा रांगेनेच जावे लागते. तेव्हा पहिल्या खेपेला जाणाऱ्याने जून-जुलै गाठावा. तिकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही; उशीर झाला तरी अंधार होत नाही, हा दिलासा नवख्या चालकाला लहान नाही. त्यातून स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून!

भाड्याच्या गाडीचे म्हणून काही वेगळे असते, तेही आटोपून घेऊ. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा आणि आपला मूळ परवानाही बरोबर ठेवावा. स्वीडनमधून जाणारा रस्ता जवळचा पडतो, पण तिकडून जाण्याआधी करारात सरहद्द ओलांडण्याची मुभा आहे की नाही ते वाचावे. गाडी किती टक्के भरून परत करायची, साध्या चार्जरची केबल गाडीत आहे ना, टोलचे बिल कोण व केव्हा पाठवणार, हे लेखी घ्यावे. तिथे नाक्यावर फाटक नसते, गाडीचा क्रमांक टिपून बिल मागून येते. पैसे भरण्याच्या रीती केंद्रागणिक निराळ्या असल्याने दोन-तीन कंपन्यांची खाती घरूनच उघडून ठेवावीत. आणि गाडी ताब्यात घेतल्याबरोबर शहराबाहेर पडण्याची घाई न करता पहिल्याच जवळच्या केंद्रावर जाऊन, गरज नसतानाही, एकदा चार्जिंग करून पाहावे. अनोळखी गिऱ्हाईक आणि अनोळखी यंत्र यांची गाठ महागात पडते, हे भाड्याने गाड्या देणारेही शिकले आहेत. अमेरिकेतील हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार विजेच्या गाड्या विकून टाकण्याची! अपघात आणि दुरुस्तीचा वाढलेला खर्च हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

आता तरुण तटाकडे. ॲप हिशेब चुकते असे मी म्हणत नाही. चढ, वारा, तापमान, गाडीची जात, सगळे धरून ते माझ्याहून चांगले गणित करते. पण ते उत्तर देते, रीत दाखवत नाही. आणि ज्याला रीत ठाऊक नाही त्याला उत्तर बदलले की घाम फुटतो. केंद्रावर आधीच चार गाड्या उभ्या आहेत, बोग्नेसची बोट डोळ्यांदेखत सुटली आहे, बाईसाहेबांना अमुक गावी आणखी एक तास रेंगाळायचे आहे. अशा वेळी "पुढच्या गावापर्यंत आपण सहज जाऊ, तिथे भरू" हे ज्याला छातीठोकपणे म्हणता येते तो मोकळा. ज्याने रात्री नकाशा पसरून स्वतः आकडे मांडले आहेत, त्यालाच ते म्हणता येते. आखणी म्हणजे बंधन, हा आपल्या तरुणांचा मोठा गैरसमज आहे. आळंदीहून निघालेल्या पालखीचे मुक्काम महिनोन् महिने आधी ठरलेले असतात. म्हणून काय वारकरी परतंत्र होतो? मुक्काम ठरलेला असतो म्हणूनच त्याला दिवसभर चिंता नसते.

याहून मोठे कारण पुढे आहे. विजेच्या मोटारीची आखणी करू गेले, की देश समजून घ्यावाच लागतो. कुठे पठार, कुठे खिंड, कुठे वस्ती विरळ, कुठे समुद्र आत शिरलेला आणि बोटीवाचून गत्यंतर नाही, हे आधी पाहावे लागते. पेट्रोलच्या टाकीने हे शिक्षण आपल्याला माफ केले होते.

आणि देश पाहू लागले की त्याचा इतिहास वाटेत भेटतोच. डोव्रेचेच पठार घ्या. ट्रॉन्हेमच्या निदारोस कॅथीड्रलात संत ओलाव्हचे थडगे होते. मध्ययुगात यात्रेकरू त्या दर्शनाला ओस्लोकडून हेच खोरे धरून चालत जात, आणि पठारावर थंडीने मरत. बाराव्या शतकात राजा ओय्स्टेन याने तिथे वाटसरूंसाठी निवारे बांधवले. ह्येरकिन, कोंग्सव्हॉल ही नावे आजच्या नकाशावरही त्या जागा दाखवतात. आपल्याकडे अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या, त्याच जातीचे हे काम. एनोवाने अनुदान देऊन उभे करवलेले चार्जर मला त्याच मालिकेतले वाटतात. वाटसरू एकट्याच्या हिमतीवर डोंगर ओलांडत नाही. कोणीतरी आधी तिथे काहीतरी बांधून ठेवलेले असते. ट्रॉन्हेमचा थांबा चाळीस मिनिटांचा न ठेवता एका दिवसाचा ठेवावा, असे मी सहकाऱ्यांना सांगितले आहे.

ट्रॉन्हेममध्ये आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. गाडीत जी वीज भरायची ती येते कुठून? नॉर्वेची बहुतेक वीज पाण्याची, काही वाऱ्याची. स्वच्छ वीज म्हणून आपण समाधानाने केबल जोडतो. ट्रॉन्हेमच्या समोर, फ्योर्डपलीकडे, फोसेन नावाचे द्वीपकल्प आहे. तिथल्या डोंगरांवर पवनचक्क्यांचे प्रचंड प्रकल्प उभे राहिले. ते डोंगर सामी या आदिवासी समाजाची हिवाळी चराऊ राने; रेनडियरचे कळप तिथे चरत. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, अकराही न्यायाधीशांच्या एकमताने, प्रकल्पांच्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला असे म्हटले. चक्क्या मात्र फिरतच राहिल्या. निकालाला पाचशे दिवस झाले तरी काही हालत नाही हे पाहून फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण-तरुणींनी ओस्लोत मंत्रालयांची दारे अडवली. त्यानंतर तडजोडी झाल्या, त्या २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ मध्ये.

उत्तरेकडे आणखी बरेच पुढे गेले की आल्टा लागते. तिथल्या नदीवर धरण बांधायचे सत्तरीच्या दशकात ठरले. मूळ आराखड्यात माझे नावाचे सामी गाव बुडणार होते. विरोधामुळे तो आराखडा आखूड झाला आणि गाव वाचले. पण धरण टळले नाही. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर आपला पारंपरिक तंबू उभारून उपोषण केले. जानेवारी १९८१ मध्ये बांधकामाच्या वाटेवर साखळ्यांनी स्वतःला जखडून बसलेल्या लोकांना उचलण्यासाठी सुमारे सहाशे पोलीस आणावे लागले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, १९८७ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. लढा हरला, पण त्यातून सामींच्या हक्कांचा प्रश्न देशाच्या पटावर आला आणि १९८९ मध्ये त्यांची स्वतःची निर्वाचित संसद स्थापन झाली.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, तो याच प्रश्नावर. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. मुळशीचा इतिहास परीक्षेपुरता वाचलेल्या आपल्या विद्यार्थ्याने उद्या आल्टाच्या चार्जरशी गाडी लावली, तर त्या अर्ध्या तासात त्याला काय दिसेल? ॲपने आणून उभा केला असेल तर हिरवा आकडा वाढताना दिसेल. कोणी म्हणेल, मग काय पेट्रोल जाळायचे? मुळीच नाही. तेलाच्या विहिरींचा इतिहास याहून काळा आहे, आणि पेट्रोलपंपावर उभे राहून त्याची आठवण आपण कधी काढली नाही, कारण तिथे दोन मिनिटांत काम होत असे. विजेच्या गाडीने सक्तीची अर्ध्या तासाची फुरसत दिली आहे. ती मोबाइलमध्ये घालवायची की पुढच्या गावाविषयी घरून टिपून आणलेले पान काढायचे, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या सहकाऱ्यांनी अखेर विजेचीच गाडी नक्की केली आहे. त्यांच्या वहीत दर थांब्याला एक पान आहे : अंतर, चढ, लागणारी युनिटे, पर्यायी केंद्र आणि खाली त्या गावाविषयी चार ओळी. नार्विकच्या पानावर १९४० च्या लढाईची आणि लोहखनिजाच्या बंदराची टिपणे त्यांनी ग्रंथालयात बसून केली. बोग्नेस ते स्कारबेर्गेट या बोटीचे वेळापत्रक चिकटवले आहे. संपूर्ण ई-६ मार्गावर बोटीने ओलांडायची जागा ती एकच.

शेवटच्या पानाबद्दल मात्र माझा त्यांच्याशी वाद चालू आहे. आल्टा ते नॉर्थ केप सुमारे २४० किलोमीटर. आल्ट्यात गाडी भरून घेतली की पुरते, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणतो, त्या टोकाला समुद्राचा वारा सुटलेला असतो आणि वाटेत समुद्राच्या पातळीखाली २१२ मीटर उतरून पुन्हा वर येणारा बोगदा आहे. शिवाय पुढे रस्ता नाही, आल्या वाटेनेच परतायचे आहे. तेव्हा टोकाच्या अलीकडे तीस-पस्तीस किलोमीटरांवर होनिंग्सवोग गाव आहे, तिथे मुक्काम करावा, रात्रभर गाडी जोडून ठेवावी, आणि मध्यरात्रीचा सूर्य दुसऱ्या दिवशी पाहावा. त्यांच्या सौ. माझ्या बाजूच्या आहेत.